ट्रे अर्धाच येतो, सीडी फिरून थांबते: प्रिसेटला हात लावायच्या आधी हे वाच बाप्पा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मानेवाड्याच्या एका भावाने बाबांचा १९९९ चा पेंटियम टू माळ्यावरून खाली काढलाय, विंडोज ९८ सुरू होते पण सीडी ड्राइव्हचा ट्रे अर्धा येऊन अडकतो, हाताने ओढून सीडी टाकली तर ती फिरते, थांबते, परत फिरते आणि मग 'डिव्हाइस इज नॉट रेडी' म्हणून डबा येतो. बर्डीवर एका दुकानात सांगितलं लेसर गेला, फेका आणि डीव्हीडी रायटर टाका, आणि एका मित्राने व्हिडिओ पाहून सांगितलं की लेसरजवळ एक बारका स्क्रू असतो तो थोडा फिरव, चालू होते. सोबत ताईच्या लग्नाचे फोटो असलेल्या २००२ च्या तीन सीड्या आहेत, त्या या ड्राइव्हवर पाहायच्या आहेत.

भाऊ, पहिले सांगतो, त्या स्क्रूला, म्हणजे प्रिसेटला, हात लावू नको. काहून ते खाली सांगतो.

मी १९९७ मध्ये धरमपेठेत एका दुकानात असेंब्लीच्या कामाला लागलो होतो, तेव्हापासून ड्राइव्ह उघडून राहिलो, आता घरीच जुन्या मशीन पाहतो. एवढ्या वर्षांत 'लेसर गेला' म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या ड्राइव्हपैकी खरंच लेसर गेलेले फार थोडे निघाले, बाकीच्यांत ढिला बेल्ट, वाळलेलं ग्रीस, लेन्सवरची घाण, नाहीतर एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा), आणि पुष्कळदा तर सीडीच. दुकानवाल्याचंही चुकलं नाही, दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी तासभर उघडून बसणं त्याला परवडत नाही, तो बिचारा लेसर गेला म्हणून मोकळा होतो.

दुसरं, तू दोन कामं एकात घालून राहिला. फोटो वाचवणं वेगळं आणि ड्राइव्ह दुरुस्त करणं वेगळं. २००२ च्या सीड्या म्हणजे घरी नाहीतर स्टुडिओत राईट केलेल्या, त्यात डाय, म्हणजे रंगाचा एक थर असतो, तो उन्हाने आणि गरमीने खराब होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात माळ्यावर काय गरम होते ते तुला सांगायची गरज नाही. त्या सीड्या आधी कोणाच्या तरी आत्ताच्या पीसीवरच्या डीव्हीडी रायटरमध्ये टाकून कॉपी करून घे, असे रायटर राईट केलेल्या सीड्यांच्या बाबतीत जुन्या ड्राइव्हपेक्षा जास्त सोशिक असतात. जुन्या ड्राइव्हवर प्रयोग करताना एकुलती एक कॉपी वापरायची नाही. हे झालं की मग ड्राइव्हकडे निवांत पाहू, ते मशीनच्या हौसेचं काम आहे आणि हौस म्हणून करायला मस्त आहे.

आता तुझ्या ड्राइव्हबद्दल. तू टेस्ट कोणत्या सीडीवर केली ते लिहिलं नाहीस, मला शंका आहे की त्याच लग्नाच्या सीडीवर केली असशील. टेस्ट नेहमी कंपनीची छापील सीडी घेऊन करायची, जिची खालची बाजू चांदीसारखी चकचकीत असते, हिरवट-निळसर नाही. छापील सीडीवरून प्रकाश भरपूर परत येतो, राईट केलेलीवरून थोडा कमी, आणि रीराईटेबलवरून तर छापीलच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच येतो. रीराईटेबल सीडी बाजारात आली १९९७ मध्ये, त्याच्या आधीचे बरेच ड्राइव्ह ती वाचतच नाहीत, तो त्यांचा बिघाड नाहीच, ते त्यासाठी बनलेच नव्हते. एक गृहस्थ ड्राइव्ह घेऊन सदरहून तीन चकरा मारून गेले माझ्याकडे, मी छापील सीडी टाकली की चालायचा, घरी नेला की बंद, शेवटी म्हटलं काका तुमची सीडी आणा, तर रीराईटेबल निघाली. तीन चकरांचं पेट्रोल गेलं.

सीडी टाकल्यावर पहिल्या आठ-दहा सेकंदांत ड्राइव्ह सगळं सांगून टाकतो, फक्त ऐकायला आणि पाहायला शिकलं पाहिजे. पहिले पिकअप, म्हणजे लेन्स बसवलेली ती छोटी गाडी, आतल्या बाजूला मधोमध सरकते आणि तिथे एक बारीक स्विच दाबते. मग लेन्स दोन-तीन वेळा वर-खाली होते, फोकस शोधते. खालून लेसर पेटलेला असतो, सीडीवरून प्रकाश परत आला आणि फोकस लागला की मोटर वेग घेते, मग ट्रॅक पकडला जातो आणि सीडीची अनुक्रमणिका वाचली जाते, ती सीडीच्या सगळ्यात आतल्या कडेला असते, गाण्याच्या रेकॉर्डसारखी बाहेरून नाही. सीडी आतून बाहेर वाचतात.

तर आता यातलं कुठे अडकतं ते पाहायचं. गाडी आत जाऊन कट-कट-कट करत राहिली तर स्विच नाहीतर गिअर. लेन्स हललीच नाही तर रिबन केबल निघाली किंवा लेन्सची कॉइल गेली. लेन्स वर-खाली होते पण सीडी फिरत नाही, तर प्रकाश परत येत नाही, म्हणजे लेन्सवर घाण, क्लॅम्प नीट बसला नाही, किंवा मग हो, लेसर. आणि तुझं जे आहे, फिरते, थांबते, परत फिरते, त्याचा अर्थ बहुतेक ड्राइव्हमध्ये असा की फोकस लागून राहिला, लेसर जिवंत आहे, पुढे ट्रॅक धरताना गडबड होते. म्हणजे घाण, ग्रीस नाहीतर सीडी. लेसर गेला म्हणणाऱ्याने एवढंही पाहिलं नाही.

हे पाहायला वरचा पत्रा काढावा लागतो आणि काही ड्राइव्हमध्ये सीडी वरून दाबणारा क्लॅम्प, तो लोहचुंबकवाला चकतीसारखा तुकडा, पत्र्यालाच असतो, तेव्हा पत्रा काढला की सीडी पकडली जाणार नाही, अशा वेळी सीडीशिवायच लेन्सची हालचाल पाहायची. लेन्सच्या सरळ वर डोळा आणायचा नाही, कधीच नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे जवळपास इन्फ्रारेड, डोळ्याला तो मंद लालसर ठिपका दिसतो आणि म्हणूनच तो धोक्याचा, माणसाला वाटते की काही नाही. बाजूने, हातभर लांबून पाहा किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहा, बऱ्याच मोबाईलवर जांभळट चमक दिसते. चमक दिसली म्हणजे लेसर पेटतो एवढंच कळते, ताकद किती ते नाही कळत.

पत्रा काढायच्या आधी एक फुकटची टेस्ट आहे आणि ती नवीन पोट्ट्यांना माहीतच नसते. तुझ्या ड्राइव्हच्या तोंडावर हेडफोनचं छिद्र आणि प्लेचं बटन आहे का पाहा, त्या काळच्या पुष्कळ ड्राइव्हवर असायचं. असेल तर डेटा केबल काढून टाक, फक्त पॉवर दे, गाण्यांची ओरिजिनल ऑडिओ सीडी टाक, हेडफोन लाव आणि प्ले दाब. गाणं वाजलं, आणि शेवटचं गाणंही न अडकता वाजलं, तर लेन्स, लेसर, मोटर, गाडी सगळं ठीक आहे, मग दोष केबल, जंपर (ड्राइव्हच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) नाहीतर विंडोजमध्ये शोध. पहिलं गाणं वाजते आणि शेवटची अडकतात तर गाडीला बाहेरच्या बाजूला सरकायला त्रास होऊन राहिला, म्हणजे ग्रीस. पाच मिनिटांत अर्धं निदान होते, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही.

मग पॉवर. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट, लालवर ५ व्होल्ट, मल्टिमीटर लावून सीडी फिरत असताना मोज, बंद असताना मोजून काही अर्थ नाही. ५ चे ४.७५ च्या खाली आणि १२ चे ११.४ च्या खाली जाऊन राहिले असतील तर ड्राइव्हला शिव्या देऊ नको, एसएमपीएसचे कपॅसिटर फुगलेले असतील. पंचवीस वर्षांचा एसएमपीएस आहे तो. (त्याला उघडायचं असेल तर ज्याला येते त्याच्याकडूनच, आत ३०० व्होल्टच्या वर चार्ज बसलेला असतो.)

आता उघडायचं. पॉवर बंद करून ड्राइव्ह बाहेर काढ, समोर जे बारीक छिद्र आहे त्यात पेपर क्लिप सरळ करून घाल आणि ट्रे बाहेर ओढ. ट्रेची पट्टी वर सरकवून निघते, मग समोरचं तोंड, त्याला दोन बाजूंना आणि खाली प्लास्टिकचे कान असतात, जुनं प्लास्टिक कडक झालेलं असते तेव्हा जोर लावशील तर कान तुटलाच समज. मग खालचे चार स्क्रू. ट्रेच्या पुढच्या भागात खाली एक छोटी मोटर, एक पुली आणि त्यांच्यावर रबराचा चौकोनी बेल्ट दिसेल, अंगठीएवढा. तुझा ट्रे अर्धा येतो तो नव्याण्णव टक्के यानेच. बेल्ट ढिला होऊन घसरतो, नाहीतर इतकी वर्षं एकाच जागी बसून अंड्याच्या आकाराचा झालेला असतो.

बर्डीवर टेपरेकॉर्डरचे बेल्ट अजून मिळतात, जुना बेल्ट सोबत ने, मापात थोडासा लहान घे. फार लहान घेशील तर मोटरवर ताण येऊन ट्रे रडत-रडत उघडेल. नवीन मिळेपर्यंत जुना बेल्ट गरम पाण्यात दोन-चार मिनिटं टाकून, पुसून, परत लावला की काही दिवस चालतो, जुगाड आहे पण निदान खात्री होते की दोष बेल्टचाच होता. पुली स्पिरिटने पुसून घे, बेल्ट विरघळून डांबरासारखा चिकटला असेल तर सगळा काढावाच लागेल, नवीन बेल्टही त्याच्यावर घसरतो.

मग ग्रीस, आणि इथे थोडं थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होते. कारखान्यातलं ग्रीस वीस-पंचवीस वर्षांत पिवळं पडून मेणासारखं होते, गाडी ज्या दोन दांड्यांवर सरकते त्यांच्यावर जमते. गाडीला एका ट्रॅकवरून बाजूच्या ट्रॅकवर जायचं असते, आणि सीडीचे दोन ट्रॅक १.६ मायक्रॉनच्या अंतरावर असतात, केसाच्या जाडीत असे चाळीसच्या वर ट्रॅक बसतील, तिथे मेणाचा एक गोळा म्हणजे डोंगर झाला. ते सगळं स्पिरिटने पुसायचं, दांड्या आरशासारख्या झाल्या पाहिजेत, आणि मग प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस अगदी थोडं, बोटावर घेऊन दांडीवर फिरवलं की पुरे. चिखल करायचा नाही. गंज काढायचे ते स्प्रे असतात ते मारू नको, ते दोन दिवस मस्त चालते, उडून जाते आणि उरलेलं लेन्सवर जाऊन बसते.

एकदा डिसेंबरमध्ये महालातून एक काका ड्राइव्ह घेऊन आले. म्हणाले, सकाळी चालत नाही, दुपारी चालतो, आणि उन्हाळ्यात तर एक नंबर चालत होता. मला वाटलं सोल्डर तडकलं असेल, गरम झाल्यावर जुळत असेल. सकाळची वेळ होती, स्वेटर घालून बसलो होतो, उघडलं तर दांड्यांवर पांढरं-पांढरं काहीतरी गोठलेलं, आणि वास चमेलीचा. काकांनी मे महिन्यात दांड्यांना डोक्याचं खोबरेल तेल लावलं होतं! चोवीस डिग्रीच्या खाली खोबरेल गोठते, मे महिन्यात पातळ तेलावर गाडी घसरत होती आणि थंडीत तिला बाटलीतल्या तेलासारखी थापी बसली. पुसून काढलं, ग्रीस लावलं, अजून चालून राहिला. काका हसत होते पण घरी सांगू नका म्हणाले.

लेन्स साफ करताना घाई नको. ती लेन्स प्लास्टिकची असते आणि केसासारख्या बारीक तारांवर लटकलेली असते, दाबली की तार वाकली, वाकली की तिरपी झाली आणि मग खरंच गेली. आधी कॅमेऱ्याचा रबरी फुगा असतो त्याने हवा मार, तोंडाने फुंकू नको, थुंकी उडते. पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा तर चुकूनही नाही, एका पोट्ट्याने नेलं होतं, लेन्स उडून कुठे गेली ते आजपर्यंत सापडली नाही. मग आयसोप्रोपाईल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, इयरबडचा कापूस थोडा ओला करून, टपकायला नको इतका, लेन्सवर मधून बाहेर हलकेच गोल फिरवायचा, वजन फक्त कापसाचं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असते, चिकट पापुद्रा राहतो. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांनी लेन्स कायमची धुरकट होते. त्या ब्रशवाल्या लेन्स क्लीनर सीड्या मिळायच्या त्याही हाय स्पीड ड्राइव्हमध्ये नको, त्या वेगात तो ब्रश लेन्सला फटके मारतो.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, कुलर. चार महिने कुलरच्या झोतात मशीन ठेवतो आपण, तो पाण्याचे बारीक तुषार फेकतो, बोअरचं पाणी असलं तर खारं, आणि लेन्सवर एक पांढुरकी झिल्ली बसते. समोरून पाहिलं तर लेन्स साफ वाटते, टॉर्च तिरपा धरून पाहा, चहावर साय येते तसं दिसेल. ही झिल्ली एका वेळी निघत नाही, दोन-तीन नवीन इयरबड लागतात, मध्ये डिस्टिल्ड वॉटरचा एक हात मारला तर क्षार सुटतात. मशीनचं तोंड कुलरकडून फिरवून ठेव, बस.

आता तो स्क्रू. त्याला आपण प्रिसेट म्हणतो, पिकअपवर नाहीतर त्याच्या रिबन केबलच्या पट्टीवर असतो आणि तो लेसरला किती करंट द्यायचा ते ठरवतो. कारखान्यात प्रत्येक पिकअपला मीटर लावून तो बसवलेला असतो, दोन पिकअपचे सारखे नसतात. तो फिरवला की करंट वाढते, लेसर जास्त उजळतो, मळक्या लेन्समधूनही सीडी वाचली जाते आणि माणसाला वाटते जमलं! पण डायोड, म्हणजे लेसर काढणारा तो बारका भाग, चाळीस-पन्नास मिलिअँपवर आरामात वर्षानुवर्षं जगणारी वस्तू आहे, थोडं जास्त दिलं की तापते आणि आठवड्या-पंधरा दिवसांत विझते. माझ्या ओळखीच्या एकाने असंच केलं, पंधरा दिवस पार्टी, सोळाव्या दिवशी डायोड मेला. उघडून पाहिलं तर लेन्सवर बोटाचा ठसा, एवढंच होतं. दुसरं, हे प्रिसेट इतके जुने असतात की आत ऑक्साईड बसलेलं असते, फिरवताना क्षणभर संपर्क तुटला की करंटचा झटका बसून डायोड जागेवरच जाऊ शकतो. बाकी सगळं करून झालं, ड्राइव्ह तसाही फेकायचाच आहे, तेव्हाच, आणि तेव्हाही पॉवर बंद असताना मूळ जागेवर पेनने खूण करून, घड्याळाच्या एका मिनिटाएवढं.

नवीन पिकअप मिळालाच तर एक सांगतो, स्टॅटिकने तो हातातच मरू शकतो म्हणून त्याच्या पट्टीवर सोल्डरचा एक ठिपका देऊन शॉर्ट करून पाठवतात. केबल लावून झाली की तो ठिपका काढायचा असतो. विसरलास तर लेसर पेटणारच नाही आणि तू म्हणशील डुप्लिकेट माल दिला.

हे झालं तुझ्यासारख्या आयडीई, म्हणजे रुंद चपट्या केबलने मदरबोर्डला जोडायच्या ड्राइव्हचं, आणि खरं सांगू का, तुझा ड्राइव्ह काही केल्या नाही जमला तर डोक्याला ताप करून घेऊ नको, त्या चाळीस पिनांच्या केबलवर भंगारातला दुसरा कोणताही आयडीई ड्राइव्ह चालतो, मास्टर-स्लेव्हचा जंपर तेवढा पाहा आणि केबलची लाल कड पॉवरच्या बाजूला ठेव. पिवळं पडलेलं तोंड जुन्या ड्राइव्हचं हवं असेल तर वेगळी गोष्ट, ती हौस मला समजते.

ज्यांच्याकडे १९९२-९३ च्या आसपासचे ड्राइव्ह आहेत, साउंड कार्डाला जोडायचे पॅनासॉनिक, मित्सुमी, सोनी, किंवा जुन्या मॅकचे स्कझीवाले (ती जोडणीची वेगळी पद्धत), ज्यात सीडी आधी प्लास्टिकच्या कॅडीत, म्हणजे डबीत, घालून मग आत ढकलायची, त्यांनी मात्र दुरुस्तीच करावी कारण त्यांना बदली सहज मिळत नाही. या ड्राइव्हमध्ये बेल्टपेक्षा बोर्डावरचे छोटे अॅल्युमिनियमचे कपॅसिटर पाहायचे. त्या काळचे सरफेस माउंट, म्हणजे बोर्डाच्या वरच सोल्डर केलेले, कपॅसिटर गळतात, खाली तांब्याची रेघ खातात, आणि सोल्डरिंग आयर्न लावला की मासळीचा वास सुटतो, वास आला की समजायचं गळलाय. लेन्स हलते, लेसर पेटतो, फोकस काही लागत नाही, असं लक्षण असलं तर पहिले हेच. सगळे बदल, बोर्ड धू, मग बाकीचं. आणि डॉसमध्ये 'सीडीआर-१०१' आलं तर ड्राइव्ह तयार नाही म्हणतोय, 'सीडीआर-१०३' आलं तर ड्राइव्ह वाचून राहिला पण सीडीचा फॉरमॅट त्याला ओळखता येत नाही, दुसरी सीडी टाकून पाहा. लोक १०३ पाहून ड्राइव्ह उघडून बसतात.

एक राहिलं. मधल्या छिद्राजवळ तडा गेलेली सीडी हाय स्पीड ड्राइव्हमध्ये टाकू नको, ५२ एक्सचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास जातो, माझ्यासमोर एक फुटली आहे, ट्रेची पट्टी उडून भिंतीला लागली आणि आतून अर्धी वाटी चुरा निघाला.

तर तू आता असं कर, आज फोटो कॉपी करून घे, उद्या छापील सीडी आणि हेडफोनची टेस्ट, आणि इथे लिहून टाक की लेन्स किती वेळा वर-खाली होते आणि सीडी थांबायच्या आधी आवाज कसा येतो. बेल्ट सापडला नाही तर सांग, माझ्याकडे डब्यात पडले आहेत दोन-चार मापाचे.